मेकनचा गायक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तांबडी माती, कापूस आणि भुईमूग यांविषयी हा प्रदेश पूर्वीपासून प्रसिद्ध. परंतु या कापसाच्या शेतांचा इतिहास ऐकवत नाही. आफ्रिकेतून जहाजे भरभरून आणलेली माणसे येथे गुराढोरांप्रमाणे विकली जात आणि मालकाच्या शेतात मरेपर्यंत राबत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली; तथापि त्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांना पुढील शंभर वर्षे माणुसकीची वागणूक मिळाली नाही. गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. पाणी पिण्याचे नळ निराळे, आगगाडीचे डबे निराळे, उपाहारगृहांची दारे निराळी. एखाद्या काळ्या माणसाने मतदानाचा हक्क बजावायचे मनात आणले, तर त्याच्या जिवावर बेतत असे.

याच राज्यातील डॉसन नावाच्या लहानशा गावी ९ सप्टेंबर १९४१ रोजी ओटिस रेडिंगचा जन्म झाला. सहा भावंडांत तो चौथा आणि मुलग्यांत पहिला. वडिलांचे नावही ओटिसच होते. ते दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करीत. वाट्याची शेती म्हणजे कष्ट आपले आणि पिकाचा मोठा भाग धन्याचा. तिच्यावर आठ माणसांचा संसार चालणे कठीण. म्हणून ओटिस लहान असतानाच हे कुटुंब डॉसन सोडून मेकन या शहरात आले. शहराजवळ सैन्याचा विमानतळ होता. तेथे वडिलांना काम मिळाले आणि गरिबांसाठी बांधलेल्या टिंडल हाइट्स नावाच्या सरकारी वसाहतीत बिऱ्हाड झाले. वडील मोठे धार्मिक. आठवडाभर काम करावे आणि रविवारी एखाद्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करावे, असा त्यांचा क्रम असे.

दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोकांच्या आयुष्यात प्रार्थनामंदिराला फार मोठे स्थान होते. सारा आठवडा मान खाली घालून वावरणारी माणसे त्या चार भिंतींच्या आत मान वर करून बसू शकत. तेथील गाणे हे संथ, शिस्तीचे स्तोत्रगायन नव्हे. एक जण ओळ उचली, बाकीचे तिला उत्तर देत. टाळ्यांचा ठेका वाढत जाई. गाता गाता कोणी रडे, कोणी उठून नाचू लागे. आपल्याकडे भजन रंगात आल्यावर टाळकऱ्यांचे जे होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला या गाण्याची कल्पना सहज येईल. व्हिनव्हिल बॅप्टिस्ट नावाच्या मंदिरातील अशाच गायकवृंदात लहानगा ओटिस गाऊ लागला. ढोल वाजवणे, पियानोवर बोटे फिरवणे हेही तो तेथल्या तेथेच पाहून पाहून शिकला. कोणा गुरूपुढे बसून शास्त्रोक्त शिक्षण घेण्याचा योग त्याला कधी आला नाही. संगीताची लिखित स्वरलिपी त्याला शेवटपर्यंत वाचता येत नव्हती.

या मंदिरातील भक्तिगीतांचा आवेश आणि बाहेरच्या जगातील ठेकेदार लौकिक गाणी यांच्या संयोगातून १९५० नंतरच्या दशकात एक नवी गायनपद्धती जन्माला आली. तिला सोल असे नाव पडले. सोल म्हणजे आत्मा. या पद्धतीत आवाज गोड असावा असा आग्रह नाही. तो खरा असावा एवढीच अपेक्षा. स्वर मध्येच फाटला, श्वास ऐकू आला, शब्द अडखळला, तरी चालते. किंबहुना तेच या गाण्याचे अलंकार होत. वृद्ध धर्मनिष्ठ मंडळींना हे रुचत नसे. देवाची चाल माणसाच्या प्रेमगीताला लावणे हा त्यांना अपराध वाटे. ओटिसच्या वडिलांनाही मुलाचा हा ओढा सुरुवातीला पसंत नव्हता.

ओटिस पंधरा वर्षांचा झाला आणि घरावर संकट कोसळले. वडिलांना क्षयाने गाठले. मिळवता माणूस अंथरुणावर पडला आणि खाणारी तोंडे तेवढीच राहिली. थोरला मुलगा या नात्याने ओटिसने शाळा सोडली. तेव्हा तो दहाव्या इयत्तेत होता. पेट्रोल भरण्याच्या ठिकाणी त्याने नोकरी केली; विहिरी खोदण्याच्या कामावर तो मजूर म्हणून गेला. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात तांबड्या मातीत कुदळ चालवणे हे काम किती अंगमेहनतीचे, हे वेगळे सांगावयास नको. या साऱ्या कष्टांतून वेळ काढून, जेथे मिळेल तेथे तो गातही असे. रविवारी गावच्या नभोवाणी केंद्रावर भक्तिगीते गाणाऱ्यांना साथ केली की थोडे डॉलर हाती पडत. तेही घरी जात.

मेकन हे शहर मोठे नव्हे. पण गाण्याच्या बाबतीत ते भाग्यवान होते. लिट्ल रिचर्ड हा त्या काळचा अतिशय गाजलेला गायक याच गावचा. त्याचे किंचाळणे, हसणे, स्वरांवर झेप घेणे हे सारे ओटिसने हुबेहूब उचलले होते. ही नक्कल इतकी साधली होती, की लिट्ल रिचर्डने काही काळ धर्मोपदेशासाठी गायन सोडले, तेव्हा त्याच्या साथीदारांनी ओटिसला आपल्याबरोबर गावयास घेतले. नक्कल हा शिकण्याचा पहिला मार्ग खरा. परंतु त्याच मार्गावर रेंगाळल्याने ओटिसची पुढील चार-पाच वर्षे कशी गेली, हे लवकरच दिसून येईल.

मेकनमध्ये डग्लस नावाचे नाट्यगृह होते. गोऱ्यांच्या नाट्यगृहात काळ्या प्रेक्षकांना मानाने बसता येत नसे. म्हणून चार्ल्स डग्लस नावाच्या एका उद्योगी कृष्णवर्णीय गृहस्थाने १९२१ मध्ये ते बांधले होते. १९५८ च्या सुमारास तेथे तरुण गायकांच्या स्पर्धा भरत. पहिले बक्षीस पाच डॉलरचे. ओटिस प्रथम रंगमंचावर उभा राहिला, तेव्हा साथ फारच कच्ची होती आणि गाणे जमेना. त्या वेळी प्रेक्षकांत जॉनी जेनकिन्स नावाचा तरुण होता. गिटार वाजवण्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने पुढे होऊन ओटिसला साथ देऊ केली, आणि त्या दिवसापासून स्पर्धेचा निकाल आधीच ठरल्यासारखा झाला. लागोपाठ पंधरा आठवडे ओटिसने पहिले बक्षीस पटकावले. अखेरीस इतरांनाही संधी मिळावी म्हणून चालकांनी त्याला स्पर्धेत उतरण्याची मनाई केली! पाच डॉलरच्या पंधरा बक्षिसांनी घरची चूल काही दिवस पेटली असेल. पण त्याहून मोठा लाभ असा, की विहिरी खोदणाऱ्या या पोराला आपण गायक आहोत याची खात्री पटली.

खात्री पटली तरी पोट भरत नव्हते. १९६० मध्ये तो बहिणीबरोबर दूर पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसला गेला. तेथे त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित झाली, पण कोणाच्या कानावर फारशी पडली नाहीत. तो परत आला. १९६१ मध्ये त्याने जॉर्जियातच आणखी एक गाणे मुद्रित केले. पण ज्या छोट्या कंपनीने ते काढले, तिने स्वतःला दिलेले नाव होते गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या जुन्या राज्यसंघाचे. असले नाव धारण करणारी तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कोणता निवेदक लावणार? कंपनीला नाव बदलावे लागले. शिवाय या दोन्ही वेळी जो आवाज मुद्रित झाला, तो ओटिसचा नव्हताच. तो लिट्ल रिचर्डचा होता. अस्सल गायक हयात असता नकलेला किंमत कोण देणार? त्याच वर्षी त्याचा झेल्मा या तरुणीशी विवाह झाला होता. संसार वाढत होता आणि मिळकत जेमतेम होती. जेनकिन्सच्या वादकमंडळीबरोबर तो महाविद्यालयांच्या समारंभांतून गात हिंडे; वेळप्रसंगी गाडी हाके, सामान वाही. या कार्यक्रमांची व्यवस्था फिल वॉल्डन नावाचा मेकनचा एक गोरा विद्यार्थी पाही. दोघांची गट्टी जमली. गावाला ती रुचण्यासारखी नव्हती, पण दोघांनीही तिकडे लक्ष दिले नाही.

आता १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एका दिवसाची हकीकत सांगितली पाहिजे. कारण ओटिसचे सारे पुढील आयुष्य त्या दिवसावर उभे आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी स्टॅक्स नावाची एक लहान ध्वनिमुद्रण संस्था होती. जिम स्ट्यूअर्ट हा बँकेतला कारकून आणि त्याची वडील बहीण एस्टेल ॲक्स्टन या दोघांनी ती काढली होती. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून ते नाव बनले. मॅकलमोर रस्त्यावरील एक बंद पडलेले चित्रपटगृह त्यांनी भाड्याने घेतले होते. खुर्च्या काढून टाकल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला होता. जेथे पूर्वी खाऊ विकत, तेथे एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले होते. शहरात काळ्यांनी आणि गोऱ्यांनी एका बाकावर बसायची चोरी. आणि या उतरत्या जमिनीच्या खोलीत मात्र दोन काळे व दोन गोरे वादक रोज एकत्र बसून वाजवीत. बुकर टी. जोन्स आणि अल जॅक्सन हे काळे. स्टीव्ह क्रॉपर हा गोरा. बासगिटार वाजवणारा पहिला वादक लूई स्टाइनबर्ग हाही कृष्णवर्णीयच होता; त्याच्या जागी पुढे डोनल्ड डन हा गोरा वादक आला आणि तेव्हा हा दोन-दोनांचा मेळ पुरा झाला.

या संस्थेत त्या दिवशी जॉनी जेनकिन्सचे वादन मुद्रित व्हावयाचे होते. जेनकिन्सजवळ मोटार चालवण्याचा परवाना नव्हता. मेकनपासून मेम्फिस चारशे मैलांहून दूर. गाडी चालवण्यासाठी म्हणून ओटिस बरोबर आला. दारात गाडी थांबली आणि सहा फुटांहून उंच असा एक धिप्पाड तरुण सामान उतरवू लागला. तेव्हा हा जेनकिन्सचा गाडीवान व हरकाम्या असावा, अशीच तेथील मंडळींची समजूत झाली. ती अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही.

जेनकिन्सचे वादन त्या दिवशी रंगले नाही. तासांमागून तास गेले, तरी मनासारखे एकही गाणे हाती लागेना. इकडे हा गाडीवान कोपऱ्यात बसून होता. मध्ये सवड मिळाली की तो ढोलवादक अल जॅक्सनला गाठी आणि आपले एखादे गाणे ऐकावे म्हणून विनवी. एकदा विनवले, दोनदा विनवले. जॅक्सन कंटाळला, पण हा पाठ सोडीना. अखेर ठरलेल्या वेळातील सुमारे चाळीस मिनिटे उरली असता जेनकिन्सचे काम आटोपते घेण्यात आले, आणि जॅक्सनच्या सांगण्यावरून या तरुणाला एकदा ऐकून घ्यावे असे ठरले. ते त्याची पीडा टळावी म्हणूनच. वादक घरी निघाले होते. बुकर टी. तर निघूनही गेला होता. स्टाइनबर्गने आपले वाद्य गाडीत ठेवले होते, ते परत आणावे लागले. क्रॉपर गिटार सोडून पियानोवर बसला.

ओटिसने पहिले गाणे म्हटले, ते पुन्हा लिट्ल रिचर्डच्याच ढंगाचे. जिम स्ट्यूअर्टने मान हलवली. असला एक गायक जगात आहे, दुसऱ्याची गरज नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. पाच वर्षांची सवय त्या क्षणी ओटिसच्या उपयोगी पडली नाही. तेव्हा त्याने आपण स्वतः रचलेले एक संथ गाणे काढले. दीज आर्म्स ऑफ माइन हे त्याचे नाव. एकाकी माणसाने प्रिय व्यक्तीला घातलेली ती साधी साद आहे. क्रॉपरला त्याने पियानोचे स्वर कसे छेडायचे ते सांगितले आणि डोळे मिटून गावयास आरंभ केला. या वेळी कोणाची नक्कल नव्हती. मेकनच्या मंदिरातील विनवणी, आजारी बापाचे घर, मातीत गेलेली वर्षे हे सारे त्या आवाजात आपोआप उतरले. क्रॉपरच्या अंगावर शहारे आले. गंमत अशी, की स्ट्यूअर्टला तेव्हाही फारसे कौतुक वाटले नव्हते. तरी त्याने ओटिसशी करार केला. जॉनी जेनकिन्सची गोष्ट मात्र मनाला चटका लावते. ज्याच्या साथीने ओटिस पंधरा वेळा जिंकला आणि ज्याच्यासाठी तो मेम्फिसला गेला, तो स्वतः मोठ्या कीर्तीपासून दूरच राहिला. मेम्फिसला झालेल्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणात गिटार त्याचीच आहे.

गाणे निघाले, पण उचलले गेले नाही. महिन्यामागून महिना गेला. नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रावर जॉन रिचबर्ग नावाचा निवेदक होता. त्या केंद्राचा आवाज रात्री अर्ध्या देशात ऐकू जाई. स्ट्यूअर्टने त्या गाण्याच्या रचनेच्या हक्कातील आपला वाटा रिचबर्गला दिला आणि रिचबर्गने ती तबकडी रात्रीमागून रात्र वाजवली. हा व्यवहार काही आदर्श म्हणता येणार नाही. पण त्या काळी तेथे धंदा असाच चाले. १९६३ च्या मार्च महिन्यात गाणे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध अपोलो नाट्यगृहात ओटिसला बोलावणे आले. नाव झाले होते, पैसा झाला नव्हता. त्याची ओढाताण पाहून बेन ई. किंग या त्याच्याहून नामवंत गायकाने शंभर डॉलर त्याच्या हातावर ठेवले.

यानंतरची चार वर्षे अखंड श्रमाची होती. ओटिस गावोगाव हिंडे, रात्री गाई, आणि सवड मिळाली की मेम्फिसला येऊन नवी गाणी मुद्रित करी. स्टॅक्सचे पाहुणे कलावंत लॉरेन नावाच्या वसतिगृहात उतरत. कारण काळे आणि गोरे यांना एकत्र बसता येईल अशा जागा त्या शहरात विरळाच. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच लॉरेनच्या सज्जात. ओटिसची गाणे बसवण्याची पद्धत त्याची स्वतःची होती. स्वरलिपी येत नसल्याने कर्णे वाजवणाऱ्यांचे तुकडे तो तोंडाने गुणगुणून दाखवी. प्रत्येकापुढे जाऊन त्याचा त्याचा तुकडा म्हणे, हातवारे करी, पाय आपटी. आणि साऱ्यांचा मेळ डोक्यात आधीच तयार असे. शिकलेल्या वादकांना त्याच्या तुकड्यांतील अनपेक्षित वळणांचे फार नवल वाटे. १९६५ च्या जुलै महिन्यात त्याने ओटिस ब्लू ही गाण्यांची मोठी तबकडी जवळजवळ एका दिवसरात्रीत पुरी केली. मध्ये फक्त काही तासांची विश्रांती होती. तीही वादकांना रात्री दुसरीकडे वाजवावयास जायचे होते म्हणून. तिच्यातील तीन गाणी सॅम कुक या गायकाची आहेत. कुक हा ओटिसचा दुसरा आदर्श. तो आदल्याच डिसेंबरात मृत्यू पावला होता.

याच वर्षी ओटिसने रिस्पेक्ट नावाचे गाणे रचले. दिवसभर राबून घरी आलेल्या पुरुषाने बायकोकडून थोड्या मानाची अपेक्षा करावी, असा त्याचा साधा विषय. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गाणे स्त्रीच्या तोंडी घातले आणि अर्थच पालटून गेला. मान मागणारी आता ती स्त्री होती, आणि तिच्या पाठीशी हक्कासाठी लढणारे सारे कृष्णवर्णीय उभे होते. अरीथाचे गाणे देशात पहिल्या क्रमांकावर गेले. ओटिसचे तेथवर कधी गेले नव्हते. दुसरा एखादा असता तर मनात कुढला असता. ओटिसने मात्र आपले गाणे एका मुलीने पळवले अशी थट्टा भर सभेत केली आणि ते गाणे तो आपल्या पद्धतीने गातच राहिला.

हाती पैसा आल्यावर त्याने तो उधळला नाही. फिल वॉल्डनच्या भागीदारीत त्याने गीतप्रकाशनाची संस्था काढली. मेकनजवळ राउंड ओक येथे सुमारे तीनशे एकर जमीन घेऊन गुरे व घोडे पाळले. जेथे त्याचे वडील दुसऱ्याच्या जमिनीत राबले, त्याच राज्यात आता मुलाची स्वतःची जमीन झाली. पैशाचा हिशेब तो बारकाईने पाही. मुलांनी शाळा सोडू नये यासाठी १९६७ मध्ये स्टॅक्सने जी मोहीम चालवली, तीत ओटिसने आपला आवाज दिला. शाळा सोडण्याचे दुःख त्याला इतरांकडून शिकावयाचे नव्हते.

१९६७ च्या वसंतात तो स्टॅक्सच्या मंडळींबरोबर युरोपात गेला. विलायतेत श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. मेम्फिसच्या त्या पडक्या चित्रपटगृहातील वादकांना आपली कीर्ती समुद्रापलीकडे पोहोचली आहे हे तोवर ठाऊकच नव्हते. त्याच वर्षी तेथील एका संगीतविषयक नियतकालिकाच्या वाचकांनी जगातील सर्वोत्तम गायक म्हणून ओटिसची निवड केली. हा मान आधी वर्षानुवर्षे एल्विस प्रेस्लीकडे होता. पण स्वदेशातील गोरा तरुणवर्ग त्याला अजून नीट ओळखत नव्हता. तो योग १७ जून रोजी आला. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे तीन दिवसांचा मोठा संगीतोत्सव भरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणजे १८ जूनला त्याच मंचावर आपले रविशंकर सतार वाजवणार होते. ओटिसची पाळी आली तेव्हा रात्र फार झाली होती, पावसाची भुरभुर सुरू होती आणि लोक परतण्याच्या बेतात होते. वेळ थोडा उरला होता. त्याने पाचच गाणी म्हटली. शेवटचे गाणे १९३२ सालचे एक जुने, हळुवार गीत होते. ते त्याने कुजबुजल्यासारखे सुरू केले आणि पायरीपायरीने चढवत अशा ठिकाणी नेले, की हजारो माणसे उठून उभी राहिली. परत निघालेले लोक भिजत उभेच राहिले.

मात्र इतक्या वर्षांच्या ओढाताणीने गळा कुरकुरू लागला होता. शरद ऋतूत वैद्यांनी तपासले तेव्हा घशात गाठी आढळल्या. शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे गाणे तर नाहीच, पण बोलणेही बंद. गायकाला याहून मोठे भय कोणते? आवाज परत येईल की नाही, आला तर पूर्वीचा असेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. तो राउंड ओकच्या घरी गप्प राहिला आणि मनातल्या मनात गाणी रचत राहिला. त्याआधी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खाडीत एका नौकागृहात त्याचा मुक्काम होता. तेथे धक्क्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी पाहताना सुचलेले एक गाणे अर्धवट राहिले होते.

आवाज परत आला. आणि तो पूर्वीपेक्षा निकोप होता. नोव्हेंबरच्या अखेरीस व डिसेंबरच्या आरंभी ओटिसने मेम्फिसला येऊन झपाट्याने अनेक गाणी मुद्रित केली. द डॉक ऑफ द बे हे धक्क्यावरचे गाणे त्याने क्रॉपरच्या साहाय्याने पुरे केले. त्यात विनवणी नाही, आक्रोश नाही. घर सोडून दूर आलेला एक माणूस पाण्याकडे पाहत स्वस्थ बसला आहे, एवढेच. जवळच्या लोकांना ते पसंत पडले नाही. हे सोल नव्हे, श्रोते नाराज होतील, असे काहींचे मत पडले. ओटिस बधला नाही. पाच वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्याची नक्कल टाकून दिली होती. आता तो स्वतःचीही नक्कल करावयास तयार नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दौरा ठरलेला होता. बार-केज नावाची अगदी तरुण वादकांची मंडळी त्याच्या साथीला होती. शाळा संपवून त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. ओटिसचे स्वतःचे लहान विमान होते. ९ तारखेला क्लीव्हलंड येथे गायन झाले. १० डिसेंबर १९६७, रविवार; सायंकाळी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे गावयाचे होते. हवा खराब होती. पाऊस आणि धुके होते. विमानात जागा अपुरी, म्हणून जेम्स ॲलेक्झांडर हा एक वादक दुसऱ्या विमानाने निघाला. दुपारी साडेतीनच्या सुमारास, विमानतळ चार मैलांवर असता, ओटिसचे विमान मनोना नावाच्या सरोवराच्या गारठलेल्या पाण्यात कोसळले. सात माणसे मृत्यू पावली. बेन कॉली हा कर्णावादक तेवढा बैठकीची गादी उराशी धरून तरंगत राहिला आणि वाचला. त्याला पोहता येत नव्हते. ओटिसचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

१८ डिसेंबरला मेकनच्या सभागृहात अंत्यविधी झाला. तीन हजार माणसांची जागा. आत साडेचार हजार दाटली होती. राउंड ओकच्या त्याच्या शेतातच त्याला माती देण्यात आली. पुढे मेकनकरांनी ओकमल्गी नदीकाठच्या उद्यानात २००२ मध्ये त्याचा पुतळा उभारला; आणि २००७ मध्ये झेल्माबाईंनी त्याच्या नावे एक संस्था काढून मुलांच्या संगीतशिक्षणाचे काम हाती घेतले.

धक्क्यावरचे ते गाणे अजून लोकांपर्यंत पोहोचावयाचे होते. ते शेवटचे जुळवून देण्याचे काम स्टीव्ह क्रॉपरकडे आले. कंपनीची घाई होती आणि मित्राला जाऊन थोडेच दिवस झाले होते. एकटा बसून त्याने गाण्याच्या मागे लाटांचा आवाज आणि समुद्रपक्ष्यांचे ओरडणे भरले. १९६८ च्या जानेवारीत ती तबकडी निघाली आणि १६ मार्च रोजी अमेरिकेतील सर्व श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. गायकाच्या पश्चात असे घडण्याची त्या देशातील ती पहिलीच वेळ. गाण्याच्या अखेरच्या भागासाठी ओटिसला शब्द सुचले नव्हते. तेथे त्याने मुद्रणाच्या वेळी नुसती शीळ घातली होती. ती तशीच राहिली. गाणे संपत येते, शब्द थांबतात, आणि लाटांच्या आवाजात ती शीळ हळूहळू दूर जात ऐकू येते.